खालचा पाणवठा



आपल्या गावाच्या नावातच नदी आहे. नाशिकजवळच्या देवळालीपासून आपली देवळाली वेगळी ओळखू यावी म्हणून आपण पत्त्यावर ‘प्रवरा’ लिहितो. रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, मुलामुलींच्या लग्नपत्रिकेवर नदीचे नाव येते. पण ‘नदी शेवटची कधी पाहिली?’ असे कोणी विचारले तर आपण जरा अडखळतो. कोल्हारच्या पुलावरून बस जाताना खिडकीतून पाहिली, एवढेच पुष्कळांचे उत्तर असेल. नदी आपल्या गावठाणाला खेटून वाहत नाही. आपल्या शिवारात ती येते ती कालव्यातून, पाळीने, पाटकऱ्याच्या वहीत नोंद होऊन. त्यामुळे पाणी आपल्याला ठाऊक आहे, नदी मात्र आपण विसरलो आहोत.

गेल्या काही वर्षांत नद्या पुन्हा जिवंत करण्याची भाषा सगळीकडे ऐकू येते. मोठ्या शहरांत नदीकाठी भिंती, बागा, फिरण्याचे रस्ते आणि दिव्यांच्या माळा होत आहेत. लहान गावांतही घाट सुशोभीकरणाचे फलक लागतात. हे ऐकून बरे वाटते. आपल्या प्रवरेचेही असे काही व्हावे, असे कोणालाही वाटेल. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. नदी जिवंत करणे म्हणजे नेमके काय करणे? आणि ती कोणासाठी जिवंत करायची? हा प्रश्न इंजिनिअरांचा आणि नगरपालिकेचा आहे, तसाच तो आपल्या सदसद्विवेकबुद्धीचाही आहे. आज त्यावरच थोडा विचार करू या.

आजींनी सांगितलेली गोष्ट

मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात आम्ही काही जण बोलत उभे होतो. विषय पाण्याचाच होता. आपल्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध आजी बाकावर बसून ऐकत होत्या. त्यांचे माहेर प्रवरेच्या काठावरचे. त्या म्हणाल्या, “तुम्ही नदी नदी करता, पण आम्ही नदीचं पानी प्यालोच न्हाई. आम्ही झिऱ्याचं पानी प्यायलो.”

तरुणांना झिरा म्हणजे काय ते कळेना. तेव्हा आजींनी सांगितले. नदीच्या पात्रात वाळूत हातभर खड्डा करायचा. पहिले गढूळ पाणी वाटीने उपसून बाहेर टाकायचे आणि मग थोडे थांबायचे. खालून, बाजूने, वाळूतून गाळून स्वच्छ पाणी पाझरत येते. ते वाटी वाटीने हंड्यात भरायचे. एक हंडा भरायला बराच वेळ लागे. रांगेत बायका बसून असत.

“समोर वाहतं पाणी असताना झिरा कशाला?” एका मुलाने विचारले.

आजी म्हणाल्या, “वरच्या अंगाला गावाचा पानवठा. खालच्या अंगाला आमचा. वर लोक आंघोळी करणार, धुणं धुणार, गुरं धुणार आन् मग ते पानी वाहून आमच्याकडं येनार. वर जायाची आम्हाला सोय नव्हती. मग काय करायचं? वाळूला विचारायचं. वाळू गाळून द्यायची.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “नदी कुनाला न्हाई म्हनत नव्हती, बाळांनो. मान्सं म्हनायची.”

त्यानंतर कोणी काही बोलले नाही. आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग ज्या वस्त्यांतून आला, त्या वस्त्या गावकुसाबाहेर होत्या. पाणवठ्याची ही वर-खाली वाटणी आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसली आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तेव्हा प्रश्न केवळ तहानेचा नव्हता. पाणी सर्वांचे आहे की वरच्यांचेच, असा तो प्रश्न होता. आजींच्या गोष्टीतही तोच प्रश्न आहे. आणि आमच्या मते, आज नदीच्या पुनरुज्जीवनाचा विचार करतानाही मुळाशी तोच प्रश्न आहे.

अमृतवाहिनीचे काय झाले?

प्रवरेला लोक ‘अमृतवाहिनी’ म्हणतात. अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात ती उगम पावते, संगमनेर, कोल्हार, बेलापूर, नेवासे अशी गावे जोडत जाते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. संगमनेरजवळचे जोर्वे आणि श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद ही याच नदीकाठची ठिकाणे. दायमाबादला सुमारे चार हजार वर्षांपूर्वी माणसे घरे बांधून, शेती करून राहत होती. १९७४ मध्ये तिथे सापडलेला काशाचा रथ आणि हत्ती, गेंडा, म्हैस हे प्राणी जगभर प्रसिद्ध आहेत. याच नदीच्या काठी नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. माणसे इथे आली, वसली, बोलू लागली, लिहू लागली, ती या पाण्यामुळे.

भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले. कोरडवाहू मुलखात ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, शाळा-दवाखाने आले. आपल्यापैकी कित्येकांची घरे त्या साखरेवर उभी राहिली. शेतमजुरी, ऊसतोड, कारखान्यातील नोकरी, हे सारे या कालव्याचेच देणे. म्हणून धरणाला आणि कालव्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. आम्हाला ते करायचे नाही.

पण घेताना आपण काय परत केले, याचाही हिशेब मांडला पाहिजे. पाणी कालव्यात गेले आणि नदीचे पात्र वर्षातील बराच काळ उघडे पडले. उघड्या पात्रातली वाळू दिसू लागली. बांधकामे वाढली तशी वाळूला सोन्याचा भाव आला. रात्री डंपर धावू लागले. २०२३ मध्ये राज्य सरकारने ६०० रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे धोरण आणले, ते या व्यवहारातला काळाबाजार मोडावा म्हणूनच. वाळू उपसली की पात्र खोल जाते आणि काठावरच्या विहिरींचे पाणी खाली उतरते. झिरा खणायला तर वाळूच उरत नाही. ज्या वाळूने गरिबांना पाणी गाळून दिले, ती वाळूच नाहीशी झाली. आणि जे पाणी उरले त्यात गावागावांचे सांडपाणी, मळीचे पाणी आणि शेतातून वाहून आलेली खते-औषधे मिसळत गेली.

हे केवळ आपल्या भागाचे दुखणे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातील नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित असल्याचे नोंदवले. त्यांपैकी ५५ महाराष्ट्रातील होते. सर्व राज्यांत हा आकडा मोठा होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. ‘वाळूवाले’ असे म्हणून बोट दाखवणे सोपे आहे. पण आपण नवीन घर बांधले, वरचा मजला चढवला, अंगणात कोबा केला, तेव्हा वाळू कुठून आली हे आपण विचारले का? आपल्यातलेच काही तरुण रात्री वाळूच्या गाडीवर जातात, कारण दिवसा त्यांना काम मिळत नाही. त्यांची चूक आहेच. पण त्यांना काम न देणाऱ्या, आणि त्यांनी भरलेली वाळू स्वस्त मिळाली म्हणून खूश होणाऱ्या आपल्या सर्वांची चूक त्याहून लहान आहे काय?

नटवलेली नदी आणि जिवंत नदी

आता शहरांकडे वळू. आपली कितीतरी मुले नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात आणि नाशकात राहतात, म्हणून ही दोन शहरे आपल्याला परकी नाहीत.

पुण्यात मुळा, मुठा आणि दोहोंच्या संगमापुढची मुळा-मुठा (ही मुळा आपल्या राहुरीच्या मुळेहून वेगळी) अशा मिळून सुमारे ४४ किलोमीटर काठांचा विकास करण्याची योजना महापालिकेने घेतली. २०२२ मध्ये कामाला सुरुवात झाली. काठाने बांध, फिरायचे रस्ते, बागा असा आराखडा आहे. महापालिकेचे म्हणणे असे की यामुळे काठ स्वच्छ होतील, अतिक्रमणे थांबतील आणि पुराचा धोका वाढणार नाही. पर्यावरणप्रेमी नागरिकांचे म्हणणे असे की नदीचे पात्र आवळले जाईल आणि काठची झाडे जातील. शिवाय सांडपाणी शुद्ध करण्याचे काम मागे असताना काठ सजवणे म्हणजे आंघोळ न करता पावडर लावणे आहे. २५ जुलै २०२४ रोजी धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा नदीला तिची जागा सोडायची असते याची आठवण सर्वांना झाली.

पुण्याच्या योजनेपुढे उदाहरण होते अहमदाबादच्या साबरमतीचे. तिथे दोन्ही काठ बांधून काढले आणि २०१२ पासून लोक तिथे फिरायला जाऊ लागले. पूर्वी जिथे घाण आणि दुर्गंधी होती, तिथे आज मुले सायकल चालवतात. हा बदल खराच आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण शहरातून जाणाऱ्या त्या पट्ट्यात दिसणारे पाणी साबरमतीचे स्वतःचे नाही, ते नर्मदेच्या कालव्यातून आणून साठवलेले आहे. शहर ओलांडून खाली गेले की नदीत सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी वाहते. इतके, की २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. आणि काठावरच्या झोपड्यांत राहणाऱ्या दहा हजारांहून अधिक कुटुंबांना तिथून हलवण्यात आले. पुष्कळांची नवी घरे कामाच्या ठिकाणापासून दूर होती. धुणीभांडी करणारी बाई, भाजी विकणारा माणूस, हातगाडीवाला यांचे पोट काठावर होते. त्यांना पर्यायी घर मिळावे यासाठी काहींना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

नाशिकची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. गोदावरीच्या पात्रातील प्राचीन कुंडांचे तळ २००३ च्या कुंभमेळ्याच्या सुमारास काँक्रीटने बांधून काढण्यात आले. हेतू सोयीचा होता. भाविकांचे पाय घसरू नयेत, गाळ काढता यावा. पण तळाचे जिवंत झरे झाकले गेले, असे गोदाप्रेमी नागरिकांनी दाखवून दिले आणि काँक्रीट काढावे म्हणून ते न्यायालयात गेले. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिल महिन्यात, गुढीपाडव्याच्या दिवसांत रामकुंड कोरडे पडले. शेवटी टँकरने पाणी आणावे लागले. नदीच्या कुंडात टँकरने पाणी! आजींच्या झिऱ्याची आठवण इथे होते. त्या वाटीने खालचे झरे मोकळे करत होत्या, आणि आपण सिमेंटने त्यांची तोंडे बुजवली.

जुन्या लोकांनीही नदीकाठी दगडी बांधकामे केली. पण त्यांनी घाट बांधले. घाट म्हणजे पाण्यापर्यंत उतरत जाणाऱ्या पायऱ्या. पाणी वाढले तर वरच्या पायरीवर थांबायचे, कमी झाले तर आणखी चार पायऱ्या उतरायच्या. घाट माणसाला नदीकडे नेतो. भिंत माणसाला नदीपासून दूर ठेवते, आणि वरून पाहायला सांगते. अर्थात, तेव्हाच्या घाटावर सर्वांना उतरू देत नव्हते, हे आपण विसरणार नाही. म्हणून आपल्याला जुना घाट जसाच्या तसा नको आहे. सर्वांना उतरता येईल असा घाट हवा आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘मग काय, काठ घाणेरडेच राहू द्यायचे? गरिबांनी पुरात आणि डासांत राहायचे?’ हा आक्षेप योग्य आहे. गरिबी सुंदर नसते आणि पूररेषेत घर असणे हे कोणाचे भाग्य नव्हे. काही वस्त्यांना हलवावेच लागेल. पण हलवताना त्यांना विचारले का, त्यांचे काम आणि मुलांची शाळा यांचा विचार केला का, आणि मोकळ्या झालेल्या काठावर नंतर कोण येऊन बसले, यावरून त्या कामाचे मोल ठरते. काठ सार्वजनिक बागेसाठी मोकळा झाला की महागड्या इमारतींना ‘नदीचे दृश्य’ मिळावे म्हणून, यात फरक आहे. हुसकावलेल्या माणसाच्या जागेवर लावलेले फुलझाड कितीही सुंदर असले, तरी ते पाहताना मन स्वस्थ राहू नये.

क्रमही महत्त्वाचा आहे. लंडनच्या थेम्स नदीला १९५७ मध्ये शास्त्रज्ञांनी मृत ठरवले होते. पुढच्या काळात शहराच्या सांडपाण्याचे शुद्धीकरण सुधारले, आणि तिच्यात मासे परत आले. आधी पाणी शुद्ध झाले, म्हणून जीव आले. आपण मात्र दिवे आधी लावतो आणि पाण्याचे नंतर पाहू म्हणतो. आधी पाणी, मग माणूस, शेवटी दगड, असा क्रम असावा, असे आम्हाला वाटते.

आता आपण वर आहोत

इथपर्यंत आपण खालच्या पाणवठ्यावरून बोललो. तिथून बोलणे आपल्याला सोपे जाते, कारण अन्याय आपल्या पूर्वजांवर झाला होता. आता जरा अवघड भागाकडे येऊ.

प्रवरा पुढे गोदावरीला मिळते आणि ते पाणी पैठणच्या जायकवाडी धरणात जाते. छत्रपती संभाजीनगर शहर आणि मराठवाड्यातील कितीतरी गावे त्या पाण्यावर जगतात. त्यांच्या दृष्टीने पाहिले तर आपण कोण? आपण वरच्या पाणवठ्यावरचे लोक.

२००५ मध्ये राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. टंचाईच्या काळात खोऱ्यातील सर्वांनी तूट समन्यायाने वाटून घ्यावी, असे त्याचे तत्त्व आहे. २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्याला धरून आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याप्रमाणे २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्यात आले. प्रत्येक वेळी आपल्याकडे मोर्चे निघाले, रस्ते अडवले गेले. ‘आमचे पाणी पळवले’ असे फलक लागले. आपल्यापैकीही काही जण त्यात होते.

शेतकऱ्याचे दुःख खोटे नाही. उभा ऊस डोळ्यांदेखत वाळत असताना कालवा बंद करून नदीत पाणी सोडलेले पाहणे फार कठीण असते. वाटेत किती पाणी मुरते, आकडे बरोबर आहेत का, उसाऐवजी दुसरे पीक घ्यायला शेतकऱ्याला कोण मदत करणार, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण ‘आमचे पाणी’ हा शब्द उच्चारताना आपली जीभ जरा अडखळली पाहिजे. हाच शब्द आजींच्या लहानपणी वरच्या पाणवठ्यावर उच्चारला जात होता. तेव्हा तो आपल्याला टोचत होता. आज तो आपल्या तोंडी आला की गोड कसा लागतो?

नैतिकतेची खरी परीक्षा खाली असताना होत नाही. खाली असताना न्याय मागणे स्वाभाविक आहे. परीक्षा होते ती वर गेल्यावर. ज्याला एकदा उष्टे पाणी मिळाले, त्याने दुसऱ्याला ते देऊ नये, हे कळायला पुस्तक लागत नाही. पण ते करायला धैर्य लागते. आणि प्रत्येक जण कोणाच्या ना कोणाच्या वर असतोच. संगमनेर आपल्या वर आहे, आपण बेलापूर-नेवाशाच्या वर आहोत, नेवासे पैठणच्या वर आहे. आपल्या न्हाणीघराचे पाणी ज्या गटारातून जाते, त्या गटाराच्या शेवटी ज्यांचे घर आहे, त्यांच्याही आपण वर आहोत.

माथ्यापासून सुरुवात

नदीसाठी माणसांनी काय करता येते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी आपले आयुष्य इथल्या दुष्काळी गावांत घालवले. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागे त्यांची प्रेरणा होती, आणि १९९३ मध्ये पाणलोटाच्या कामासाठी ‘वॉटर’ नावाने ओळखली जाणारी संस्था उभी करण्यात ते होते. २०२१ मध्ये ते देवाघरी गेले.

त्यांच्या कामाचे सूत्र साधे होते. माथा ते पायथा. पाणी डोंगरमाथ्यावर अडवायचे, उतारावर जिरवायचे, आणि मग ते पायथ्याच्या विहिरीत आणि ओढ्यात आपोआप येते. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे गाव पूर्वी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असे. तिथे लोकांनी श्रमदान केले, समतल चर खणले, झाडे लावली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. विहिरींना पाणी आले.

यातला एक धडा नदीकाठच्या शहरांनीही घ्यावा असा आहे. चराईबंदी केली की सर्वांत आधी त्रास होतो शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या गरिबाला. ज्याची जमीन खाली आहे, त्याच्या विहिरीला पाणी येते. ज्याची जमीनच नाही, त्याची मात्र शेळी उपाशी राहते. म्हणून असे निर्णय वरून लादून चालत नाहीत. सर्वांनी, बायकांनीही, एकत्र बसून ठरवावे लागते की कोणता डोंगर आधी बंद करायचा आणि कोणता नंतर, आणि ज्याचे नुकसान होईल त्याला काय द्यायचे. म्हणजे पाणी अडवण्याआधी माणसांचे ऐकावे लागते. त्या कामाला वेळ लागतो, पण ते टिकते.

पवित्र शास्त्रात यहेज्केल संदेष्ट्याला एक दर्शन घडले, ते आपण पुष्कळदा ऐकले आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाण्याची एक बारीक धार निघते. पुढे ती घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत आणि शेवटी पोहूनही पार होता येणार नाही अशी नदी होते. ती जिथे जाते तिथले खारे पाणी गोडे होते, काठावर झाडे वाढतात आणि कोळी जाळी वाळवत बसतात. या दर्शनात आम्हाला एक गोष्ट विशेष वाटते. ती नदी मंदिराच्या आवारात साठून राहत नाही. ती खाली, सर्वांत ओसाड प्रदेशाकडे जाते. मंदिरातील पाण्याची खूण मंदिरात नाही, खाली राहणाऱ्यांच्या जीवनात दिसते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याचे स्वच्छ पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तेही याच अर्थाने. आपला स्नानसंस्कार पाण्याने झाला. त्या पाण्याला कोणी वरचे-खालचे म्हटले नाही.

आपण काय करू शकतो?

मोठ्या योजना आपल्या हातात नाहीत. पण काही गोष्टी आहेत.

सणाच्या जेवणावळीनंतर थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले ओढ्याकडेला पडलेले आपण पाहिले आहेत. राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी असूनही आपल्याच कार्यक्रमात ते वापरले गेले. पुढच्या सणापासून स्टीलची ताटे वापरू आणि आपणच घासू. मृतांच्या स्मरणदिनी कबरींवर प्लास्टिकच्या फुलांऐवजी खरी फुले वाहू.

चर्चच्या छपरावरचे पावसाचे पाणी वाहून जाते. ते जमिनीत जिरवण्यासाठी शोषखड्डा करता येईल. घराघरातील न्हाणीघराच्या पाण्यासाठीही तो करता येतो. त्याला फार खर्च नाही, हात लागतात.

घर बांधताना वाळूची पावती मागू. पावती नसेल तर ती वाळू घेणार नाही, असे आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी ठरवले, तर त्याचा परिणाम होईल. आणि वाळूच्या गाडीवर जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी दुसरे काम शोधायला मदत करू. एकाशिवाय दुसरे करणे ढोंगीपणाचे होईल.

नगरपालिकेच्या सभेत, निवडणुकीच्या वेळी, एक प्रश्न नेमाने विचारू. आपल्या गावाचे सांडपाणी शुद्ध होऊन जाते की तसेच जाते? रस्ता आणि दिवे सर्व जण मागतात. गटाराच्या शेवटी राहणाऱ्यांसाठी कोणीतरी मागायला हवे.

आणि पुढच्या वेळी जायकवाडीच्या पाण्यावरून वाद पेटेल तेव्हा, मोर्चात जायचे की नाही हे प्रत्येकाने आपल्या विवेकाला विचारून ठरवावे. पण जाण्यापूर्वी आजींचा झिरा एकदा आठवावा.

कुटुंबात बोलण्यासाठी तीन प्रश्न देतो. आपल्या घरातून वाहून जाणारे पाणी शेवटी कोणाच्या दाराशी जाते? आपल्या आजी-आजोबांना पाणी कुठून आणि कसे मिळत होते? कोणत्या बाबतीत आज आपण ‘वरचे’ झालो आहोत?

त्या दिवशी निघताना आजींना आम्ही विचारले, “नदीवर पुन्हा जायला आवडेल का?” त्या हसल्या. म्हणाल्या, “न्या की. पन वाळू असंल तिथं न्या. झिरा खनून दाखवते पोरांना.”

आम्ही शोधत आहोत. प्रवरेच्या काठी जिथे अजून हातभर वाळू उरली आहे, अशी जागा कोणाला ठाऊक असेल, तर मिस्सेनंतर आम्हाला जरूर सांगावे. पाऊस ओसरल्यावर, पात्र सुरक्षित झाले की, मुलांना आणि आजींना घेऊन आपण सर्व मिळून तिथे जाऊ. वाटी प्रत्येकाने आपापली आणावी.